सुरीआधी एक नळी रक्त : एकोणीस वर्षांच्या मुलीच्या अंडाशयातली गाठ

ती आली तेव्हा हातात दोन फाइली होत्या. एक दवाखान्यांची, दुसरी पोलीस भरतीची. दुसरी कशाला आणलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू द्या मॅडम, जिथं जाते तिथं नेते. तारीख कधी लागंल सांगता येत नाही."

वय १९. गाव बीड जिल्ह्यात, बी.ए.चं दुसरं वर्ष, लग्न झालेलं नाही. पाळी तेराव्या वर्षी आली, तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला. आईवडील हंगामात ऊस तोडायला जातात, एरवी मिळेल ती मजुरी. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, आणि अशाच दोन-तीन मुलींच्या नोंदी हिच्यात मिसळल्यात. औषधं, त्यांचे डोस आणि उपचारांचा क्रम यांना हात लावलेला नाही.)

तक्रार तिनं धावण्याच्या हिशेबात सांगितली. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. ती रोज पहाटे गावाबाहेरच्या माळावर सराव करायची. जूनमध्ये सगळं अंतर एका दमात जायचं. ऑगस्ट लागला तसं शेवटच्या दोनशे मीटरला उजव्या ओटीपोटात "आतून कुणी गाठोडं हलवल्यागत" व्हायला लागलं. मग सलवारीची नाडी वर वर बांधावी लागली. वजन मात्र तीन किलो उतरलं होतं. पोट वाढतंय आणि अंग उतरतंय, ही जोडी कुठल्याही वयात ऐकली की मी हातातलं पेन खाली ठेवते.

आमच्याकडे येईपर्यंत चार आठवडे गेले होते. गावात गॅसच्या गोळ्या झाल्या. तालुक्याला सोनोग्राफी झाली : उजव्या अंडाशयाच्या जागी १६ सेंटीमीटरची गाठ, काही भाग भरीव, काही पाण्याचा, पोटात थोडं पाणी. मग कुणीतरी सीए-१२५ करायला सांगितलं, अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की करतात ती रक्ताची चाचणी. आकडा आला १८६, आणि ३५च्या वर गेला की लॅबवाले आकडा ठळक छापतात. त्या ठळक आकड्यानं घर हादरलं. एका डॉक्टरांचं मत पडलं की पोटाचा टीबी असेल, सुई घालून गाठीतलं पाणी काढून बघू. दुसरे म्हणाले कॅन्सर आहे, पोट उघडू, दोन्ही अंडाशय आणि पिशवी काढून टाकू, म्हणजे पुढची कटकट नको.

इथं आई उठली होती. तिची स्वतःची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढलेली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, त्यावर राज्य सरकारनं समिती नेमली, पेपरांत पानंच्या पानं आली. या बाईला त्यासाठी पेपर वाचायची गरज नव्हती. माझ्यासमोर बसून ती एवढंच म्हणाली, "माझी काढली तवापासून कंबर गेली ती गेलीच. लेकराची नका काढू, मॅडम."

त्या दोन्ही डॉक्टरांना मी खलनायक करणार नाही. पोटाचा टीबी आपल्याकडे खरोखर दिसतो आणि त्यातही पोटात पाणी होतं, सीए-१२५ वाढतो. दुसऱ्यांनी पंचावन्न वर्षांच्या बाईला लागू पडणारा नियम एकोणिसाव्या वर्षाला लावला. साठीकडे झुकलेल्या बाईच्या अंडाशयात अशी गाठ असेल तर ती बहुधा अंडाशयाच्या आवरणातून उगवलेली असते, आणि तिथं दोन्ही अंडाशय व पिशवी काढणं हाच बहुतेकदा योग्य मार्ग ठरतो. आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत चित्र उलटं असतं. या वयातल्या अंडाशयाच्या गाठींपैकी जवळजवळ ७० टक्के जनन पेशींच्या, म्हणजे ज्यांच्यातून पुढे स्त्रीबीज होतं त्या पेशींच्या असतात. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी. केस-दात असलेली डर्मॉइड गाठ आपण ऐकलेली असते, ती यांच्यातलीच. पण साधारण एक तृतीयांश गाठी कर्करोगी निघतात. त्यांची चाल वेगळी, औषधं वेगळी, आणि त्यांना ओळखणारी रक्ताची चाचणीही वेगळी. सीए-१२५ ही इथं चुकीच्या घराची घंटा आहे. पोटाच्या आतल्या अस्तराला काहीही टोचलं, अगदी पाळी चालू असली, तरी ती वाजते.

तपासताना गाठ बेंबीपर्यंत हाताला लागत होती. टणक, किंचित दुखरी, डावी-उजवीकडे थोडी सरकणारी. मी आईला चहा घेऊन यायला सांगितलं. ती बाहेर गेल्यावर मुलगीच हसून म्हणाली, "विचारा, मॅडम. सगळ्या गावानं विचारून झालंय." लघवीची गरोदरपणाची चाचणी करायची होती, आणि तिचं कारण मी तिला नीट सांगितलं. त्या पट्टीवर एचसीजी नावाचा संप्रेरक दिसतो आणि काही जनन पेशींच्या गाठी तोच संप्रेरक बनवतात. पट्टी 'होय' म्हणाली तरी पोटात मूल असेलच असं नाही. हे आधी सांगितलेलं बरं असतं. नंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते. पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे 'नाही'.

मग पिवळ्या टोपणाच्या एका नळीत पाच मिलीलिटर रक्त घेतलं आणि चिठ्ठीवर तीन नावं लिहिली : एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच. गणपती बसायला तीन दिवस होते. या तीन चाचण्या मिळून सीटी स्कॅनपेक्षा स्वस्त पडतात आणि कुठलीही बऱ्यापैकी लॅब त्या करते. तरीही चार आठवड्यांत तीन दवाखाने हिंडलेल्या मुलीच्या फाइलीत त्या नव्हत्या. मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त बोचतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. बीटा एचसीजी नगण्य. एलडीएच, म्हणजे पेशी झपाट्यानं वाढू-मरू लागल्या की रक्तात वाढणारं विकर, थोडा वाढलेला. एएफपी : १२,४०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. मोठ्या माणसात तो दहाच्या आत असतो.

एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन, हे गर्भाचं प्रथिन. आईच्या पोटात पहिल्या आठवड्यांत गर्भाला चिकटून एक इवलीशी पिशवी असते, योक सॅक. कोंबडीच्या अंड्यात पिवळा बलक जिथं असतो तीच ही जागा, फक्त माणसात तिच्यात बलक नसतो. एएफपी आधी ही पिशवी बनवते, पुढे गर्भाचं यकृत ते काम घेतं, आणि जन्मानंतर वर्षभरात ते जवळजवळ थांबतं. एकोणीस वर्षांच्या मुलीत ते हजारांत आलं तर दोनच ठिकाणी शोधायचं : यकृत किंवा जनन पेशींची गाठ. सीटी स्कॅनमध्ये यकृत स्वच्छ होतं. गाठ १७ सेंटीमीटरची, तिच्या भरीव भागात औषधाची शिरेतून सुई दिल्यावर चमकणारे ठिपके होते. या गाठीत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्याची ती खूण. डावं अंडाशय नेहमीसारखं. छातीत काही नाही. निदान जवळजवळ झालंच होतं, आणि अजून सुरी लागली नव्हती : योक सॅक ट्यूमर.

निदानासाठी गाठीत सुई घालायची गरज राहिली नाही, हा त्या नळीचा पहिला फायदा. अशा गाठीला भोक पाडणं म्हणजे पोटात बी पेरणं. दुसरा फायदा असा की किती काढायचं हे टेबलावर घाईत ठरवावं लागलं नाही. हा ट्यूमर जवळजवळ नेहमी एकाच बाजूला होतो आणि केमोला विलक्षण दाद देतो. म्हणून दुसरं अंडाशय आणि पिशवी राखायची. रोग पोटात पसरलेला असला तरी बहुतेकदा राखायची. तिसरा फायदा पुढे कळतो. ऑपरेशननंतर आकडा उतरायला लागतो, आणि कुठून उतरला हेच माहीत नसेल तर तो नीट उतरतोय की नाही हे कसं सांगणार?

आईला मी कागदावर चित्र काढून दाखवलं. मधे पिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या, दोन अंडाशय. उजव्यावर फुली मारली. तिनं बोट डाव्या अंडाशयावर ठेवून विचारलं, "हे राहतंय?" मग पिशवीवर. "अन् हे?" दोन्हीला मी हो म्हटलं. तिनं तो कागद मागून घेतला.

ऑपरेशन ऋषिपंचमीला झालं. (बायकांनी पाळीच्या 'दोषा'साठी उपास करायचा तो दिवस. वॉर्डातल्या दोन आयांचा उपास होता. मी काही बोलले नाही.) बेंबीच्या वरपासून खाली उभा छेद घेतला. दुर्बिणीनं का नाही, हे हल्ली सगळे विचारतात. सतरा सेंटीमीटरची गाठ तीन छोट्या भोकांतून बाहेर काढायची तर ती फोडावी लागते, आणि इथं फोडणं हाच गुन्हा. टाका मोठा झाला तरी चालेल, गाठ अख्खी यायला हवी.

पोटात सुमारे अर्धा लिटर लालसर पाणी होतं. ते तपासायला पाठवलं. गाठ वर येईना म्हणून हात मागे घातला तर मागच्या बाजूला आवरणाला दीड सेंटीमीटरची चीर आणि तिच्यावर रक्ताची गुठळी. म्हणजे आमच्या आधीच ती थोडी फुटली होती, बहुधा माळावरच. उजवं अंडाशय आणि नळी गाठीसकट काढली. पोटाचा पडदा सगळीकडे पाहिला, आतड्यांवरच्या चरबीच्या पदराचा तुकडा घेतला, लसीका गाठी चाचपल्या. डावं अंडाशय डोळ्यांनी आणि बोटांनी तपासलं, बदामाएवढं, पांढरट, गुळगुळीत. त्याचा तुकडा घेतला नाही. निरोगी दिसणाऱ्या अंडाशयाला उगाच कापलं की तिथं चिकटा होतो आणि पुढे मूल व्हायला तोच आडवा येतो. पिशवीला हात लावला नाही.

गाठीचं वजन भरलं १ किलो ३५० ग्रॅम. पॅथॉलॉजीच्या टेबलावर ती मधोमध कापली तेव्हा मी मुद्दाम तिथं गेले. बाहेरून गुळगुळीत, आत मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखी : पिवळट-राखाडी, बुळबुळीत, मधे मधे रक्ताचे काळे डाग आणि कुजलेले भाग. वेगानं वाढणाऱ्या गाठीला रक्त पुरत नाही, तिचं पोट आतून मरत असतं. चार आठवड्यांत सलवारीची नाडी का वर चढत गेली ते त्या कापावर लिहिलेलं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मधे एक बारीक रक्तवाहिनी, तिच्याभोवती पेशींची झालर, आणि भोवती पोकळी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मूत्रपिंडातल्या गाळणीची आठवण येते. वॉल्टर शिलर यांना १९३९ साली नेमकं तसंच वाटलं, आणि त्यांनी या गाठीचं नातं मूत्रपिंडाच्या गर्भावस्थेतल्या ऊतीशी लावलं. वीस वर्षांनी, १९५९मध्ये, गुन्नर टायलम या डॅनिश पॅथॉलॉजिस्टनं दाखवलं की हे मूत्रपिंड नव्हे. एकोणिसाव्या शतकात माथियास द्युव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञानं उंदराच्या वारेची वर्णनं करून ठेवली होती, त्यातल्या योक सॅकच्या घड्यांशी ही रचना जुळते. उंदराच्या वारेची जुनी वर्णनं वाचून कुणाला बाईच्या अंडाशयातली गाठ ओळखता येते, हे मला अजूनही अचंब्याचं वाटतं. त्या झालरीला आज शिलर-द्युव्हाल बॉडी म्हणतात. चुकलेल्याचं नावही राहिलं. ती दिसली तर निदान पक्कं, न दिसली तरी निदान रद्द होत नाही, कारण बऱ्याच गाठींत ती सापडतच नाही. आमच्या काचपट्टीवर चार सापडल्या. चरबीचा पदर स्वच्छ होता, पाण्यातही कर्करोगी पेशी नव्हत्या. आवरण आधीच फुटलेलं असल्यामुळे टप्पा पहिलाच, पण त्यातला 'सी'.

"असा रोग हिलाच का?" हा प्रश्न वडिलांनी विचारला. बापाच्या तोंडून तो आला की उत्तर जपून द्यावं लागतं, कारण त्याच्या पोटी 'आमचं काय चुकलं' असतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. जनन पेशी अंडाशयात जन्मत नाहीत. गर्भ चार आठवड्यांचा असताना त्या योक सॅकच्या भिंतीपाशी दिसतात आणि तिथून सरकत सरकत अंडाशयाच्या जागी पोहोचतात. पाचव्या महिन्यात मुलीच्या गर्भात त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांवर जाते. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात चार-पाचशेच पिकून बाहेर पडतात. कुठलीही पेशी घडवायची ताकद या पेशींत असते. त्यातली एखादी भलत्या वेळी जुनंच काम उगाळायला लागते. पळण्यानं, खाण्यानं, कुणाच्या नजरेनं किंवा कुणाशी बोलण्यानं असं होत नाही. शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम घातले, गावात काय चाललं होतं ते मला कळलं होतं.

आता केमो. १९७६ साली कर्मन आणि नॉरिस यांनी या ट्यूमरच्या ७१ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांच्या रुग्णांचं मध्यम वय १९ होतं, हिचंच. बहुतेकींचा रोग पहिल्या टप्प्यात होता, आणि तरी तीन वर्षं जगण्याचं प्रमाण फक्त १३ टक्के. ऑपरेशन छान व्हायचं आणि मुलगी वर्षभरात जायची. मग सिस्प्लॅटिन आलं. बार्नेट रोझेनबर्ग मिशिगनमध्ये १९६५च्या सुमारास विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर परिणाम पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबून लांबच लांब वाढायला लागले. कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून पाण्यात उतरलेलं संयुग होतं. १९७८मध्ये त्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. सिस्प्लॅटिनच्या जोडीला ब्लिओमायसिन आणि इटोपोसाइड ही 'बीईपी' आली आणि पहिल्या टप्प्यातल्या दहांपैकी नऊच्या वर मुली आज बऱ्या होतात. म्हणून 'टप्पा पहिला, गाठ गेली, आता कशाला केमो?' हा प्रश्न या ट्यूमरमध्ये फार महाग पडू शकतो.

तिला बीईपीच्या तीन सायकली ठरल्या, दर २१ दिवसांनी एक. पहिले पाच दिवस भरती : रोज इटोपोसाइड १४० मिलिग्रॅम, सिस्प्लॅटिन २८ मिलिग्रॅम (शरीराच्या पृष्ठभागावरून काढलेले डोस), सोबत सलाईनचा मारा, कारण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला सोसत नाही. आठवड्यातून एकदा ब्लिओमायसिन ३० युनिट. पहिली सायकल ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी, अनंत चतुर्दशी उलटून दोन दिवसांनी सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले योजनेत खर्च बसत होता, पण रेशनकार्डावर तिचं घरातलं लाडाचं नाव आणि आधारवर शाळेतलं. त्या दोन नावांची एक मुलगी करायला वडिलांना तीन दिवस लागले.

पाचव्या दिवशी एक गोंधळ झाला. कुणीतरी परस्पर एएफपी पाठवला आणि लॅबनं रिपोर्ट वडिलांच्या व्हॉट्सॲपवर टाकला. केमोच्या आधी आकडा ४,६०० होता, आता ४,९५०. वडील फोन घेऊन धावत आले, हात थरथरत होते. केमोनं पेशी फुटल्या की आतला एएफपी एकदम रक्तात उतरतो. पहिल्या आठवड्यात असा फुगवटा येऊ शकतो आणि तो रोग वाढल्याची खूण नसते. मी कागदावर एक रेघ काढली. रक्तातला एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मा होतो. १२,४०० वरून दहा दिवसांत ४,६०० हे त्या हिशेबात बसतं. पुढचा आकडा दुसऱ्या सायकलच्या दिवशी, मधे नाही. खाटेवरून ऐकणाऱ्या त्यांच्या मुलीनं तो हिशेब माझ्याआधी केला आणि म्हणाली, "म्हणजे सहाशेच्या आत यायला पाहिजे."

आला ६१०. ती जरा खट्टू झाली. मी म्हटलं, पासिंग आहे.

आकडा सामान्य आहे का, हे या आजारात उपचार चालू असताना विचारूच नये. तो उतरताना वेग धरतोय का, एवढं विचारावं. उतरंड मधेच सपाट झाली तर आकडा कितीही लहान असो, काळजी करायची.

केस दुसऱ्या सायकलच्या आधी गेले. तिनं स्वतःच वस्तरा फिरवून घेतला. उलट्या औषधांनी आटोक्यात राहिल्या. ब्लिओमायसिनच्या रात्री थंडी वाजून ताप यायचा, तो पॅरासिटामॉलनं उतरायचा. कानात रातकिडे ओरडतात म्हणाली, ते सिस्प्लॅटिनचं देणं. आणि एक दिवस ड्युटीवरच्या नर्सनं मला घाईनं बोलावलं. मुलीच्या पाठीवर चाबकाचे वळ उठले होते, लांब, तपकिरी, एकमेकांना छेदणारे. नर्सनं आईला बाजूला घेऊन विचारायला सुरुवातही केली होती. ब्लिओमायसिन चालू असताना कातडी जिथं खाजवावी तिथं असे पट्टे उमटतात. तिला रात्री पाठ खाजायची आणि तिनं फणीनं खाजवली होती. त्या पट्ट्यांमधलं अंतर फणीच्या दात्यांएवढं होतं.

दसरा झाला आणि गावातून टोळ्या निघाल्या. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. आई वॉर्डात थांबली तर अर्धा कोयता, पैसे मात्र पुऱ्याचे घेतलेले. मुकादमाचे फोन मी माझ्या कानांनी ऐकलेत. वर तिसऱ्या सायकलचा पहिला दिवस लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला. आईनं विचारलं, दिवाळी झाल्यावर केली तर? आठच दिवस. तोवर एक खेप फडावरही जाऊन येते.

माझ्या आयुष्यात मी रुग्णांना बऱ्याच तारखा पुढे ढकलून दिल्यात. ही दिली नाही. बीईपीत २१ दिवस म्हणजे २१ दिवस. पांढऱ्या पेशी कमी असल्या तरी ताप नसेल तर सहसा थांबत नाहीत, लागलं तर पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात. मधे सैल सोडलं तर वाचलेल्या पेशी डोकं वर काढतात, आणि पहिल्या खेपेला बरा होणारा हा रोग दुसऱ्या खेपेला तितका सरळ वागत नाही. शेवटी वडील चुलतभावाला जोडीला घेऊन कारखान्यावर गेले आणि आई थांबली. भाऊबीजेला धाकटा भाऊ एसटीनं एकटा आला. सलाईन लावलेल्या हातानं तिनं त्याला ओवाळलं, निरांजनाऐवजी मोबाइलच्या टॉर्चनं, कारण वॉर्डात ऑक्सिजन असतो.

तिसऱ्या सायकलच्या आधी आकडा ५८. ती संपून तीन आठवड्यांनी ५.८. सीटी स्कॅन स्वच्छ.

ब्लिओमायसिनबद्दल थोडं अजून, कारण तिला त्याचीच सगळ्यांत जास्त धास्ती होती. हे औषध फुप्फुसांना कडक करू शकतं. एकूण मात्रा ४०० युनिटच्या पुढे गेली की धोका बराच वाढतो. तिची झाली २७०. हा प्रश्न फुप्फुसांच्या जोरावर खेळणाऱ्या दुसऱ्या एका माणसालाही पडला होता. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ साली वृषणाचा कर्करोग झाला, तोही जनन पेशींचाच. इंडियानातल्या डॉक्टरांनी फुप्फुसं वाचावीत म्हणून त्याचं ब्लिओमायसिन बदलून दुसरं औषध दिलं. (पुढे त्यानं काय काय घेतलं तो वेगळा विषय.) तिनं ही गोष्ट कुठूनशी वाचली आणि मला विचारलं, मला का नाही बदललं? प्रश्न रास्त होता. बदललेलं औषध रक्तपेशींवर जास्त घाव घालतं, आणि पहिल्या टप्प्यात तीनच सायकली असताना त्याची गरज वाटली नाही. प्रत्येक सायकलच्या आधी आम्ही तिचा श्वास मोजत होतो, कोरडा खोकला विचारत होतो. एवढ्यावर तिचं समाधान झालं की नाही मला सांगता येणार नाही.

पाळी चार महिने आली नाही. पाचव्या महिन्यात आली तेव्हा आईचा फोन आला, आणि ही बातमी फोनवर सांगायची नसते असं वाटून तिनं फक्त "आली, मॅडम" म्हटलं आणि ठेवून दिला. बीईपीनंतर बहुतेक मुलींची पाळी परत येते आणि पुढे मूलही होतं, एका अंडाशयावर. लग्नाचं विचारणं वर्षभरातच सुरू झालं. लग्नाला माझी हरकत नव्हती, पहिली दोन वर्षं दिवस राहू देऊ नका एवढं मी सांगितलं. हा रोग उलटायचा असेल तर बहुधा दोन वर्षांत उलटतो, आणि तो ओळखायचं आमचं हत्यार म्हणजे एएफपी. गरोदरपणात एएफपी आपोआप वाढतो. मग वाढलेला आकडा बाळाचा की गाठीचा हे सांगणं अवघड होऊन बसतं. पहिलं वर्षभर दर महिन्याला रक्त, मग दोन-दोन महिन्यांनी, पुढे अंतर वाढवत. रक्त ती तालुक्यालाच देते, पण दर वेळी त्याच लॅबला. यंत्र बदललं की आकडा बदलतो आणि उगाच घाबरगुंडी उडते.

गेल्या खेपेला ती आली तेव्हा हातात एकच फाइल होती, भरतीची. मैदानी चाचणीच्या आधी फुप्फुसांची तपासणी करून हवी होती आणि पोटावरच्या टाक्याबद्दल वैद्यकीय तपासणीत दाखवायला दाखला. दोन्ही दिलं. दाखल्यासोबत मी तिला एक छोटं कार्ड लिहून दिलं होतं : ब्लिओमायसिन २७० युनिट दिलेलं आहे, पुढे कधीही भूल द्यावी लागली तर डॉक्टरांना हे आधी सांगावं, ऑक्सिजन गरजेपुरताच द्यावा. ती बाहेर गेली आणि अर्ध्या तासानं परत आली. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडून कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं. "आठशेला किती लागतात आता?" मी विचारलं.

"तीन-वीस, मॅडम. जूनपर्यंत तीनच्या आत आणते."